शाळेच्या वेळी दुखणारे पोट

गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्या, त्याच आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी दवाखाना भरलेला असताना एक गृहस्थ मुलाचा हात धरून, नंबर सोडून थेट आत आले. मुलगा सहावीतला, अंगाने थोराड. त्याची बाही वर सारून ते म्हणाले, "डॉक्टर, हे बघा. वर्गातल्या एका येड्या पोरानं चावा घेतलाय. इंजेक्शन द्या आणि सर्टिफिकेट लिहून द्या. मी इथूनच पोलीस ठाण्यात जाणार आहे."

चावा खराच होता. दातांची कमान स्पष्ट उमटली होती आणि दोन ठिकाणी कातडी फाटली होती. (जाता जाता सांगतो. माणसाच्या चाव्याची कुणी कुत्र्याच्या चाव्याइतकी धास्ती घेत नाही, पण आपल्या तोंडात जंतू भरपूर असतात आणि अशी जखम सहज चिघळते. वाहत्या पाण्याखाली साबणाने चांगली धुवावी, हळद-चुना भरू नये, धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते ते आठवावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.)

जखम धुताना एक गोष्ट लक्षात आली. चावा बोटांवर किंवा मनगटावर नव्हता. कोपराच्या जरा पुढे, हाताच्या आतल्या बाजूला होता. कुणी अंगावर धावून येऊन चावू लागले तर आपण हात आडवा धरतो, आणि दात बहुधा बाहेरच्या बाजूला लागतात. आतल्या बाजूला लागायचे, तर तो हात चावणाऱ्याच्या तोंडापाशी, म्हणजे मागून त्याच्या गळ्याभोवती असण्याची शक्यता जास्त. मी काही न्यायवैद्यकातला तज्ज्ञ नाही. पण मुलाला सहज विचारले, "तो चावला तेव्हा तुझा हात कुठं होता रे?" मुलाने वडिलांकडे पाहिले आणि मान खाली घातली.

"त्याला काय विचारता डॉक्टर?" वडील म्हणाले.

सर्टिफिकेटात जखम कुठे आहे, केवढी आहे, एवढेच लिहिले. ठाण्यात जाण्याआधी एकदा हेडमास्तरांना भेटा, अशी विनंती केली. त्या घराशी माझा वीस वर्षांचा संबंध, म्हणून त्यांनी ती नाराजीने का होईना, मानली.

लहान गावातला डॉक्टर दोन्ही बाजूंचा असतो. तो 'येडा पोरगा'ही माझाच पेशंट होता. (ओळख पटू नये म्हणून या लेखातले काही तपशील बदलले आहेत, आणि दोन्ही घरांना विचारूनच हे लिहीत आहे.) तो गेल्यावर मी त्या दुसऱ्या मुलाचा केसपेपर काढून पाहिला आणि मला स्वतःचीच लाज वाटली. जूनपासून तो चार वेळा माझ्याकडे आला होता. तक्रार एकच, पोटदुखी. पहिल्या वेळी मी जंताचे औषध दिले. दुसऱ्या वेळी आम्लपित्ताचे. तिसऱ्या वेळी शौचाची आणि लघवीची तपासणी केली, त्यात काही निघाले नाही. चौथ्या वेळी सोनोग्राफी करून घेतली. रिपोर्टात पोटातल्या बारीक गाठींचा उल्लेख होता. आई घाबरली. तिला समजावून सांगितले, की या वयाच्या धडधाकट मुलांतही अशा गाठी दिसतात, काळजीचे कारण नाही. बाहेरचे खाणे बंद करायला सांगितले आणि मोकळा झालो.

एक प्रश्न मात्र चार भेटींत मी विचारलाच नव्हता. तो त्या रात्री फोन करून विचारला. "वहिनी, रविवारी दुखतं का हो त्याचं पोट?"

आई जरा थांबली. "नाही डॉक्टर. रविवारी नाही. आणि दिवाळीच्या सुट्टीत एकदासुद्धा नाही दुखलं."

या मुलाला स्वमग्नता आहे, ज्याला इंग्रजीवरून आपण ऑटिझम म्हणतो. चौथ्या वर्षी जिल्हा रुग्णालयात निदान झाले. तो बोलतो, वाचतो, गणितात बरा आहे. त्याचे वडील पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात, आणि गावातल्या कुठल्या विहिरीला किती फुटांवर पाणी लागले, हे त्याला पाठ आहे. पण समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलणे त्याला जमत नाही, एकच वाक्य तो पुन्हा पुन्हा म्हणतो आणि मोठा आवाज झाला की दोन्ही कान दाबून धरतो.

स्वमग्नता हा मेंदूच्या जडणघडणीतला फरक आहे. तो जन्मापासून असतो आणि आयुष्यभर राहतो. आईने लक्ष दिले नाही, मुलाला मोबाईल दिला किंवा लस टोचली म्हणून तो होत नाही. लशीचा संबंध जोडणारा एक शोधनिबंध 'लॅन्सेट' या ब्रिटिश नियतकालिकात १९९८ साली आला होता. त्यातली माहिती फसवी निघाली आणि २०१० साली त्या नियतकालिकानेच तो मागे घेतला. तरीही ती अफवा माझ्या दवाखान्यात दरवर्षी येतेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात साधारण १२७ माणसांमागे एक स्वमग्न व्यक्ती होती. हे प्रमाण धरले, तर पाच-सहाशे मुलांच्या शाळेत अशी चार-पाच मुले असायची. निदान झालेले असो वा नसो.

आता मुद्द्याची गोष्ट. अशी मुले छळाला इतकी सहज का सापडतात?

पहिले कारण, ती शब्दाचा शब्दशः अर्थ घेतात. आपण बोलतो त्यात थट्टा, टोमणा, खोटी गोडी असे बरेच मिसळलेले असते. आवाजाच्या चढउतारावरून, चेहऱ्यावरून बाकीची मुले ते ओळखतात. स्वमग्न मुलाला ते ओळखणे अवघड जाते. "सरांनी तुला खिडकीतून उडी मारायला सांगितलंय" असे कुणी म्हटले, तर तो खिडकीकडे जाईल. वर्ग हसेल. वर्ग हसला म्हणजे आपले काहीतरी चांगले झाले, असे समजून तो पुन्हा जाईल.

दुसरे कारण, त्याच्या अंगावर गोष्टी लवकर येतात. कागदी पिशवी फुगवून कानाशी फोडली, तर तुम्ही-आम्ही दचकू आणि शिवी घालू. त्याला तो आवाज दुखतो, अगदी ठोसा बसावा तसा. तो किंचाळतो, डोके भिंतीवर आपटतो. खोडी काढणाऱ्याच्या दृष्टीने याहून चांगले खेळणे नाही. कळ दाबली की दर वेळी हमखास वाजते.

तिसरे कारण सगळ्यांत वाईट. त्याला सांगता येत नाही. काय झाले, कुणी केले, आधी काय आणि नंतर काय, ही हकिगत जुळवून सांगणे त्याला कठीण असते. पुष्कळदा हा छळ आहे हेच त्याला कळत नसते. "आम्ही खेळत होतो," असे तो म्हणतो, कारण त्याला तसेच सांगितलेले असते.

आणि मग एके दिवशी तो चावतो. बाईंना दिसतो तो चावा. त्याआधीचे चार महिने दिसत नाहीत.

हे सगळे मला त्या रात्री एकदम उमगले असे नाही. दुसऱ्या दिवशी आई त्याला घेऊन आली. "तुला कुणी त्रास देतं का?" हा आपला नेहमीचा प्रश्न. मी तो विचारला. तो म्हणाला, "नाही." मग कोरा कागद पुढे केला आणि शाळेचा नकाशा काढायला सांगितला. नकाशे त्याला आवडतात. फाटक, झेंड्याचा कट्टा, वर्गखोल्या, बोअर (तिच्या खोलीसकट), पाण्याची टाकी, मुतारी. लाल पेन दिले आणि म्हटले, "जिथं जायला आवडत नाही, तिथं रंगव." त्याने टाकीची मागची बाजू रंगवली, मुतारी रंगवली आणि जिन्याखालची जागा इतकी गिरवली की कागद फाटला.

मुतारीवरून मला आणखी एक आठवले. ऑगस्टमध्ये त्याला लघवीला जळजळ होत होती. दिवसभर लघवी दाबून धरली आणि त्यासाठी पाणीही पिले नाही, तर असे होऊ शकते. तो सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत मुतारीत जातच नव्हता. दुपारचा डबा भरलेला परत यायचा, त्याचेही कारण तिथेच होते. डबा खाल्ला तर पाणी प्यावे लागते.

पालकांसाठी म्हणून सांगतो. स्वमग्न, मतिमंद, बहिरे, तोतरे, पायाने अधू, फिट येणारे असे मूल तुमच्या घरात असेल, तर तोंडाने सांगेल याची वाट पाहू नका. शाळेच्या दिवशीच दुखणारे आणि सुट्टीत न दुखणारे पोट किंवा डोके. घरी आल्या आल्या धावत संडासला जाणे. सुटलेली सवय परत लागणे, म्हणजे अंथरूण ओले करणे किंवा अंगठा चोखणे. वह्या फाटणे, पेनं 'हरवणे', डबा तसाच येणे किंवा डबा रिकामा आणि मूल मात्र भुकेले. झोपेत ओरडणे. स्वतःलाच चावणे, केस उपटणे. यातले एखादे लक्षण कुठल्याही मुलात कधीतरी दिसते. दोन-तीन एकदम दिसली आणि पंधरा दिवस टिकली, तर शाळेत जाऊन या. पोटदुखी खोटी आहे असे मात्र समजू नका. भीतीने आतडी खरोखरच आवळतात आणि मूल खरोखरच कळवळते. त्याला 'नाटकी' म्हणणारे मोठे माणूस म्हणजे त्याच्या छळात आणखी एकाची भर.

विचारताना माणसांबद्दल विचारण्यापेक्षा जागेबद्दल आणि वेळेबद्दल विचारा. मधल्या सुट्टीत तू कुठे बसलास? शेजारी कोण होते? डबा कुठे उघडलास? अशा प्रश्नांची उत्तरे ही मुले खरी देतात. एरवीही खोटे बोलणे त्यांना फारसे जमत नाही.

दोन सल्ले आपल्याकडे सर्रास दिले जातात. "तूही एक ठेवून दे" हा एक आणि "लक्ष देऊ नको" हा दुसरा. दोन्ही या मुलांच्या कामाचे नाहीत. छळणारा कोपरा बघून, शिक्षक नाहीत असे बघून मारतो. आपला मुलगा सगळ्यांसमोर मारेल आणि पकडला जाईल. आणि ज्याला आवाज कानात सुईसारखा टोचतो, त्याने लक्ष द्यायचे नाही म्हणजे काय करायचे?

आता शाळेकडे वळू. हेडमास्तरांनी आईवडिलांना बोलावून "थोडे दिवस घरी ठेवा, मग बघू" असे सांगितले होते. माझ्या आग्रहावरून पुन्हा बैठक ठरली आणि मीही गेलो. वर्गशिक्षिका चांगल्या बाई आहेत. वर्गात बावन्न मुले. मुलगा अधूनमधून किंचाळतो हे त्यांना ठाऊक होते, का किंचाळतो हे पाहायला उसंत नव्हती. मी नकाशा दाखवला. तरी प्रकरण पुढे सरकले ते माझ्यामुळे नव्हे. त्याच वर्गातल्या एका मुलीने आदल्या दिवशी घरी आईला सांगितले होते आणि तिच्या आईने बाईंना. तिघे-चौघे त्याला रोज जिन्याखाली नेत, एक जण मागून गळ्याला हात घालून धरी आणि बाकीचे कानाशी पिशव्या फोडत. बघायला दहा-बारा जण जमत. "तूही बघायला जायचीस का गं?" असे बाईंनी विचारल्यावर ती रडू लागली. दोनदा गेली होती.

या बघ्यांबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण माझ्या मते सगळी मेख तिथे आहे.

कॅनडातल्या संशोधकांनी शाळांच्या मैदानावर कॅमेरे आणि मुलांच्या अंगावर छोटे मायक्रोफोन लावून छळाचे प्रसंग टिपले. त्यांचा निबंध २००१ साली प्रसिद्ध झाला. दहातल्या जवळजवळ नऊ प्रसंगांत आजूबाजूला दुसरी मुले हजर होती. मध्ये कुणी पडले, असे प्रसंग पाचातला एक. पण जेव्हा एखादे मूल मध्ये पडले, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा तो छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. हे वाचले तेव्हा मी आकडा पुन्हा एकदा तपासून पाहिला होता. एका मुलाने "ए, सोड त्याला" म्हणायचे, की पुष्कळदा काम होते.

का होते, तेही समजून घेण्यासारखे आहे. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठातल्या क्रिस्टिना साल्मिवाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली वर्गातल्या मुलांच्या भूमिका वेगवेगळ्या करून मांडल्या. छळणारा आणि छळ सोसणारा असे दोघेच त्यात नसतात. एखाद-दुसरा मदतनीस असतो, जो हात धरतो. काही जण हसून, टाळ्या देऊन हुरूप वाढवणारे असतात. काही जण बघून न बघितल्यासारखे करतात. आणि थोडे बचाव करणारे असतात. छळणारा हे सगळे करतो ते त्या हसणाऱ्यांसाठी. तमाशाला प्रेक्षक आलेच नाहीत, तर फड किती दिवस चालेल? याच विचारावर फिनलंडने शाळांसाठी कार्यक्रम आखला आणि २००९ पासून तो देशभर पसरवला. त्याआधी नॉर्वेत १९८२ च्या अखेरीस छळाला कंटाळून तीन मुलांनी आत्महत्या केल्या, तेव्हा सरकार खडबडून जागे झाले आणि डॅन ओल्वेयस या मानसशास्त्रज्ञाने बर्गेनच्या शाळांत प्रयोग केला. मोठ्यांची मोकळ्या जागेवर नजर, वर्गात ठरवलेले साधे नियम आणि पालकांशी स्पष्ट बोलणे, एवढ्यावर तिथल्या छळाच्या तक्रारी निम्म्याच्या आसपास खाली आल्या. यात पैशाचे काम फारसे नाही. बावन्न मुलांच्या वर्गातही यातले बरेच जमण्यासारखे आहे.

माझ्या शाळेत पोलिओने पाय गेलेला एक मुलगा होता. पायाला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर होता, चालताना कुरकुर वाजायचा. काही पोरे त्याच्या मागे तोच आवाज काढत चालत. मी कधी आवाज काढला नाही. हसायचो मात्र. आज माझ्या दवाखान्यात पोलिओचे नवे मूल येत नाही. देशातला शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये सापडला. पण तो कुरकुर आवाज आठवतो, आणि आपण 'काही केले नाही' असे इतकी वर्षे का समजत होतो, तेही आठवते.

बैठकीत काय ठरले, ते इतर शाळांना उपयोगी पडेल म्हणून सांगतो. टाकीमागे आणि जिन्याखाली मधल्या सुट्टीत शिपाईमामांनी उभे राहायचे. या मुलाला सुट्टीत वर्गातच बसवून ठेवावे, अशी एक सूचना आली होती. ती आम्ही नाकारली, कारण ज्याला मार बसला त्यालाच कोंडायचे, हा न्याय नव्हे. त्याची जागा पुढच्या बाकावर, भिंतीच्या बाजूला केली. आवाज असह्य झाला तर वर्गाबाहेर जाण्यासाठी एक लाल पुठ्ठा दिला. तो पुठ्ठा दाखवायचा आणि ग्रंथालयात जाऊन बसायचे, कारण सांगायची गरज नाही. बाईंनी, आईवडिलांची संमती घेऊन, तो शाळेत आलेला नसताना वर्गाला अर्धा तास त्याच्याबद्दल सांगितले. त्याला आवाज दुखतो म्हणजे काय, तो डोळ्यांत का बघत नाही, आणि आपण गमतीने सांगितलेले त्याला खरे का वाटते. मुलांनी प्रश्न खूप विचारले. "मग आमच्यासारखंच त्यालाही मित्र पाहिजेत का?" असेही एकाने विचारले. तिघांनी आपण होऊन त्याच्याबरोबर डबा खायची तयारी दाखवली, त्यात ती रडणारी मुलगी होती.

दोघांना समोरासमोर उभे करून "चला, हात मिळवा" म्हणायचे आणि प्रकरण मिटले असे मानायचे, ही आपल्या शाळांची जुनी चाल. ती करू दिली नाही. ज्याच्या गळ्याभोवती तो हात होता, त्याने तोच हात हसत हातात घ्यायचा?

छळणाऱ्या मुलाशी हेडमास्तर एकटे बोलले. मी जखमेची पट्टी बदलायला तो आला तेव्हा बोललो. त्याच्या पाठीवर पट्ट्याचे जुने वळ होते. यावर जास्त लिहीत नाही. त्याच्या वडिलांशी त्या दिवशी दार लावून अर्धा तास बोललो, आणि पोलीस ठाण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. वळ असले म्हणून दुसऱ्याचा गळा धरायला मोकळीक मिळत नाही, हेही त्या मुलाला सांगितले. दर आठवड्याला वर्गशिक्षिकेने त्याची विचारपूस करायची असे ठरले आहे.

आता कायद्याचे. आईवडिलांना "घरी ठेवा", "दुसरी शाळा बघा" असे सांगितले जाते आणि ते मान खाली घालून निघून येतात, म्हणून सांगणे भाग आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. त्याच कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे, आणि तसे करणाऱ्या शिक्षकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. १९९५ च्या अपंग कायद्यात सातच प्रकार होते आणि त्यांत स्वमग्नता नव्हती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आले. स्वमग्नता आणि वाचन-लेखनातली विशिष्ट अक्षमता हेही त्यात आहेत. भेदभाव न करता प्रवेश देणे आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करणे, हे सरकारी आणि सरकारमान्य शाळांचे कर्तव्य त्यात लिहिलेले आहे. दिव्यांग व्यक्तीचा लोकांसमक्ष हेतुपुरस्सर अपमान करणाऱ्याला सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद, अशी तरतूद ब्याण्णवाव्या कलमात आहे. ती मोठ्या माणसांनी लक्षात ठेवावी. बारा वर्षांच्या पोरांच्या भांडणात कुणी ठाण्याची पायरी चढू नये, असे माझे मत आहे, मग मूल कुठल्याही बाजूचे असो. मात्र शाळा दाद देत नसेल, तर लेखी अर्ज करा, पोच घ्या, शाळा व्यवस्थापन समितीपुढे आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. मूल संकटात असेल तर १०९८ हा क्रमांक दिवसरात्र चालतो. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झालेली ही सेवा आता देशभर आहे.

निदान झालेले नसेल तर आधी ते करून घ्या. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तपासणी होते. अपंगत्वाचे प्रमाणपत्रही जिल्हा रुग्णालयातून मिळते. त्यासाठीचा अर्ज आता ऑनलाइन करावा लागतो. "शिक्का बसेल" म्हणून पुष्कळ पालक ते टाळतात. वर्गातल्या पोरांनी शिक्का कधीच मारलेला असतो, प्रमाणपत्राने निदान हक्क तरी मिळतात.

बाकीच्या मुलांबद्दल थोडक्यात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार जगात दिव्यांग मुलांपैकी साधारण तिघांतल्या एकाला हिंसा सोसावी लागते, इतर मुलांच्या दुप्पट प्रमाणात. आपल्याकडे तिची रूपे साधी असतात. बहिऱ्या मुलाच्या कानातले यंत्र हिसकावून झेलाझेली करणे. तोतऱ्या मुलाला धडा मोठ्याने वाचायला लावणे. फिट येऊन गेलेल्या मुलाच्या बाकावर कुणी न बसणे, जणू फिट संसर्गाने होते. मुलींमध्ये मारणे कमी, पण "आमच्यात येऊ नको" हे वर्षभर चालते. शिक्षकांना एक विनंती. वर्ग मुलाचे टोपणनाव पुष्कळदा शिक्षकांच्याच तोंडून उचलतो. तुम्ही एकदा रागाने "ए, ध्यान" म्हणालात, की ते नाव दहावीपर्यंत राहते.

आमच्या मुलाचे पोट आता सोमवारी दुखत नाही. लघवी साफ होते, डबा बहुतेक संपतो, वजन दीड किलोने वाढले आहे. शुक्रवारी मात्र अजून दुखते. शुक्रवारी कवायतीचा तास असतो, आणि त्याने नव्या नकाशात मैदानाचा एक कोपरा लाल केला आहे. येत्या शुक्रवारी आई आणि मी तो कोपरा बघायला जाणार आहोत. सकाळी दवाखाना तासभर उशिरा उघडेल.